घवाळी मास्तरांची सराव परीक्षा

दहावीच्या बोर्डाला ज्यांच्या वर्गावर घवाळी मास्तर पर्यवेक्षक म्हणून आले, ती रत्नागिरीतली मुलं आता मुलं राहिलेली नाहीत. कोणी बँकेत आहे, कोणी दुबईला आहे, एक तर चक्क नायब तहसीलदार आहे. पण माळनाक्यावर मास्तर समोरून येताना दिसले की यातले निम्मे अजूनही रस्ता ओलांडून पलीकडे जातात. मास्तर म्हणतात, हा आदर. बरं बाबा, आदर तर आदर.

मास्तरांचं पूर्ण नाव भास्कर घवाळी. शाळेत विज्ञान शिकवतात आणि बरं शिकवतात, तेवढं कबूल करायलाच हवं. पण त्यांचा हात खरा बसलाय तो पहारा देण्यात. परीक्षेच्या दिवशी ते वर्गाच्या दाराशी चपला काढत. देवळाबाहेर काढतात त्या भक्तीने नव्हे, आवाज होऊ नये म्हणून. मग अनवाणी बाकांमधून फिरायचं, एखाद्या पोराच्या पाठीमागे थांबायचं आणि अवाक्षर न काढता उभं राहायचं. ज्याच्या मनात पाप असतं त्याचे कान लाल होतात, असा त्यांनी शोध लावला होता. पाप नसलेल्यांचेही कान लाल व्हायचे, पण एवढा मोठा शोध लावणारा माणूस असल्या बारीकसारीक गोष्टींत अडकत नाही. त्यांच्या वर्गात कधी कॉपी झाली नाही, हे शंभर टक्के खरं. लिहिणंही जरा बेताचंच व्हायचं, पण ते बोर्डाने बघून घ्यावं.

आता अशा माणसाच्या पोटी परीक्षेला घाबरणारी मुलगी यावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मुलीचं नाव आरोही. एकुलती एक. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि तेही स्वतःच्या मर्जीने. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक लगेच बापाला धरतात. सातवीत तिचा हात मोडला तेव्हा एका डॉक्टरबाईंनी तो बसवला, आणि प्लास्टर सुकेपर्यंत या पोरीने त्यांना इतके प्रश्न विचारले की शेवटी बाई म्हणाल्या, तूच ये गो माझ्या जागेवर. पोरीने ते मनावर घेतलं. बारावीला मार्क उत्तम पडले. मग मेडिकलची प्रवेश परीक्षा आली.

गेल्या वर्षी त्या परीक्षेत काय झालं, ते आरोहीने घरी सांगितलंच नाही. पेपर अवघड होता, एवढंच म्हणाली. रात्री टीव्हीवर कुठलेसे तज्ज्ञ बसले होते, ते म्हणाले, यंदा पेपर सोपा होता. मास्तरांनी टीव्हीकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं आणि ताटावरून उठले. पुढे निकाल लागला तो अर्थातच घसरगुंडीचा. त्यानंतर कधीतरी तिने आईला खरं काय ते सांगितलं. पहिला प्रश्न वाचला, उत्तर येत होतं, पण हातच चालेना. हात असे गार पडले जसे मिरकरवाडा बंदरावरच्या मासळीच्या बर्फात घालून ठेवलेत. उत्तरपत्रिकेत रंगवायचे असतात त्यातले अर्ध्याहून जास्त गोळे तिने कोरे ठेवले होते. आई म्हणजे हेमा, पोस्टात नोकरीला. बोलायला मोजकी. तिने ऐकून घेतलं, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मास्तरांच्या कानावर घातलं. इथेच चुकलं.

"भीती?" मास्तर म्हणाले. "अभ्यास केलाय ना? मग भीती कसली?"

पण माणूस शिक्षक. अडचण दिसली की तिचा अभ्यासक्रम करायचा, ही सवय. आरोहीने पुन्हा एकदा बसायचं ठरवलं, पण त्याच वेळी हेही सांगून टाकलं की यंदाही असंच झालं तर ती बी.एस्सी.ला जाईल. ती खोली, ते बाक, ते गोळे तिसऱ्यांदा बघायची तिची तयारी नव्हती. म्हणजे हातात संधी एकच. मास्तरांनी कंबर कसली. भीती घालवायचीच, आणि तीही वेळापत्रकानुसार.

सुरुवात श्वासापासून झाली. मास्तरांनी मोबाइलवर कुठेतरी वाचलं की दीर्घ श्वास घेतला की मन शांत होतं. रोज सकाळी आरोहीला समोर बसवून, हातात घड्याळ धरून ते सांगू लागले, "घे. धर. धर म्हटलं ना. आता सोड. लवकर सोडलास, पुन्हा पहिल्यापासून." इतका शिस्तीचा श्वास कोणी घेतला नसेल. पोरगी त्यानंतर धापा टाकत अभ्यासाला बसायची.

मग आरोहीच्या क्लासमध्ये तणावमुक्तीचं शिबिर झालं. पुण्याहून वक्ते आले, मार्चच्या तोंडाशी, रत्नागिरीच्या घामात, कोट घालून. त्यांनी हॉलभर पोरांना उभं केलं आणि मूठ वर करून ओरडायला लावलं, मला भीती वाटत नाही. पोरं ओरडली. ज्यांना तोवर खरंच भीती वाटत नव्हती त्यांनाही शंका आली, की आपलं काही राहिलंय की काय.

मासळी घेऊन दारावर येणारी गोदूबाई तरी मागे कशाला राहील? तिने सांगितलं, पोरीला माशांची डोकी घाला खायला, डोक्याला डोकंच लागतं. मास्तर विज्ञानाचे, त्यामुळे त्यांनी आधी मोबाइलवर खात्री केली आणि मग होकार दिला. पुढचे कितीतरी दिवस आरोहीच्या ताटातून सुरमई आणि बांगडे डोळे वटारून तिच्याकडे बघत होते. हक्काची डोकी गेल्यामुळे शेजारच्या मांजरीने त्या दिवसांत आमच्या मास्तरांशी बोलणं टाकलं असणार.

आणि सगळ्यांवर कळस म्हणजे रविवारची सराव परीक्षा. घरातच. जेवणाचं टेबल हॉलच्या मधोमध. आरोहीने दाराबाहेरून आत यायचं. मास्तर तिचं ओळखपत्र तपासणार, केसातली क्लिप काढायला लावणार, कानातलं काढायला लावणार, पाण्याची बाटली उजेडात धरून बघणार. मुलगी आत्ता तुमच्याच स्वयंपाकघरातून पोहे खाऊन आली आहे हो, पण नियम म्हणजे नियम. पंखा बंद, कारण केंद्रावर पंखा चालू असेल याची खात्री काय? देवघरातली घंटा वाजली की पेपर सुरू. आणि मग मास्तर घरातल्या सपाता दाराशी काढून ठेवायचे आणि अनवाणी, आवाज न करता, टेबलाभोवती फिरायला लागायचे. मध्येच तिच्या पाठीमागे थांबायचे. काही बोलायचे नाहीत. बोलायचं कशाला, तेवढं पुरेसं असतं.

दर रविवारी आरोहीचे मार्क कमी होत गेले. मास्तरांनी यावरून निष्कर्ष काढला की सराव कमी पडतोय.

या सगळ्यात शिमगा आला. मास्तरांचं गाव लांज्याच्या पुढे, आत. शिमग्याला सगळे गावी जातात, मुंबईवाले तर झाडून येतात. ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि प्रत्येक घराच्या अंगणात येते. घरच्या बाईने ओटी भरायची, मग गुरव पालखीसमोर उभा राहून त्या घराचं गाऱ्हाणं घालणार, आणि जमलेली सगळी वाडी दर वाक्याला ओरडणार, व्हय म्हाराजा. गाऱ्हाणं एरवी मोघम असतं. लेकराबाळांना सुखी ठेव, इडापिडा टाळ, चुकलंमाकलं पदरात घे. देवीला तपशील माहीत असतो, असं समजून चाललेलं असतं.

मास्तरांना मोघम उत्तर कधीच चाललं नाही. मुद्देसूद लिहा, असं ते पोरांना आयुष्यभर सांगत आले. पालखी दारात यायच्या आधी त्यांनी भिकाजी गुरवाला पडवीत गाठलं आणि सगळं समजावून सांगितलं. भिकाजी बिचारा कर्तव्याला जागणारा. एक शब्द गाळला नाही त्याने.

"तर आई माऊली," त्याने डोळे मिटून सुरू केलं, "ह्या भास्करच्या पोरीला यंदा डॉक्टरीच्या परीक्षेला बसायचं हाय."

"व्हय म्हाराजा."

"गेल्या सालाला ती पेपर बघून भ्याली. हातपाय गार पडलं तिचं. अर्धा पेपर कोरा ठेवलान."

"व्हय म्हाराजा."

"तर ती तिची भीती घालव, आणि तिला सरकारी कॉलेजात, एमबीबीएसला, दाताच्या नव्हे, असा नंबर लागू दे."

"व्हय म्हाराजा."

दाराच्या चौकटीत आरोही ओटीचं ताट धरून उभी होती. आईच्या कानात कशीबशी सांगितलेली गोष्ट अख्ख्या वाडीने, मुंबईच्या पाहुण्यांसकट, गळा काढून मंजूर केली. ढोल वाजायला लागले. पालखी नाचवली गेली. मास्तर हात जोडून उभे होते, चेहऱ्यावर अर्ज योग्य खात्यात पोचल्याचं समाधान.

"देवी बहिरी नाही," पालखी पुढच्या घरी गेल्यावर हेमा म्हणाली. "हळू सांगितलं असतं तरी ऐकलं असतं तिने."

"मोघम मागितलं तर मोघमच मिळतं," मास्तर म्हणाले.

मिळालं ते मात्र अगदी तपशीलवार. शिमगा संपला, मुंबईवाले परत गेले आणि आठवड्याभरात डोंबिवलीपासून विरारपर्यंतचे फोन सुरू झाले. घाबरू नकोस हां आरोही. अजिबात घाबरायचं नाही. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? कोणा काकाच्या सोसायटीतला मुलगा घाबरला होता, तो आता घरी बसून असतो, पण तू घाबरू नकोस. ज्या बाईने आरोहीला बारशानंतर पाहिलं नव्हतं तिनेही फोन करून धीर दिला. प्रेमाने हो, सगळं प्रेमानेच. पोरगी फोन वाजला की दचकायला लागली.

पुढच्या रविवारी सराव परीक्षा होतीच. क्लिप निघाली, कानातलं निघालं, घंटा वाजली. मास्तर फिरत फिरत तिच्या पाठीमागे येऊन थांबले आणि आरोही प्रश्नपत्रिकेवर भडभडून ओकली.

हेमा आतून आली. तिने मुलीला उठवलं, तोंड धुतलं, आत नेऊन झोपवलं. मग बाहेर येऊन टेबल पुसलं, लादी पुसली, घंटा उचलून देवघरात ठेवली. मास्तर ओला पेपर हातात घेऊन उभेच होते.

"पुरे," ती म्हणाली.

आता चेष्टा बाजूला. मास्तर घाबरले होते. त्या संध्याकाळी ते गॅलरीत बसून राहिले. पोरीचे गाल बसले होते, मनगटातलं घड्याळ सैल झालं होतं, हे त्यांना त्या दिवशी दिसलं. भीती घालवायच्या नादात ते तिला पाहायचंच विसरले होते. त्यांना रडू आलं. विज्ञान शिकवणारा, बोर्डाच्या पोरांना घाम फोडणारा हा माणूस गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलला डोळे पुसत होता.

आरोही उठून बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "मी काय करू, तूच सांग." असा प्रश्न त्यांनी घरात पहिल्यांदाच विचारला असावा. निदान हेमाला तरी आठवत नाही.

आरोहीने थोडा विचार केला. "पुढच्या रविवारी तुम्ही बसा पेपरला," ती म्हणाली. "पर्यवेक्षक मी."

मास्तरांना हसू आलं. एवढंच? अहो, भौतिकशास्त्र तर त्यांचा हातखंडा विषय. ते मनातल्या मनात खूश झाले, की आता लेकीला दाखवू, शांत डोक्याने पेपर कसा सोडवतात.

रविवारी आरोहीने त्यांना दाराबाहेर उभं केलं. घड्याळ काढायला लावलं, पट्टा काढायला लावला. शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी निघाली.

"हे काय?"

"अंगारा गो, देवीचा."

"कागद आत चालत नाही," ती म्हणाली आणि पुडी देवघरात नेऊन ठेवली. पँट एका हाताने सावरत मास्तर टेबलाशी जाऊन बसले. पंखा बंद झाला. घंटा वाजली. स्वयंपाकघराच्या दारात हेमा वाटाणे सोलत बसली, तिला आज कुठेही जायची घाई नव्हती.

पहिला प्रश्न भिंगाचा होता. वस्तूचं अंतर दिलेलं, नाभीय अंतर दिलेलं, प्रतिमा कुठे पडेल? हे मास्तर दरवर्षी दहावीला शिकवतात, फळ्याकडे न बघता. त्यांनी ऐटीत पेन उचललं. आणि त्यांच्या लक्षात आलं की पाठीमागे कोणीतरी उभं आहे.

आरोही काही बोलत नव्हती. सपाता तिने दाराशी काढल्या होत्या. ती नुसती उभी होती, त्यांच्याच शिस्तीत, हात पाठीमागे बांधून. मास्तरांनी सूत्र लिहिलं. मग वस्तूचं अंतर. ते उणे धरायचं की अधिक? संकेत काय होता? डावीकडे उणे. की उजवीकडे? त्यांनी उणे लिहिलं, खोडलं, अधिक लिहिलं. मानेवर काहीतरी सरपटल्यासारखं वाटलं, तो घाम होता. आपल्याला हे येतं, आपल्याला हे येतं, असं ते स्वतःला सांगत राहिले आणि जितकं सांगत गेले तितकं ते पुसलं जात होतं. बोटं पेनावर धड बसेनात. आपले कान लाल झाले असणार हेही त्यांना कळलं. पाप तर काहीच केलेलं नव्हतं.

"जरा बाजूला हो ना गो," शेवटी ते म्हणाले. "सुचत नाही."

आरोही लगेच बाजूला झाली. खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि बाहेर बघू लागली. मास्तरांनी पेन खाली ठेवलं. पुढचे प्रश्न त्यांनी सोडवलेच नाहीत. उठून पंखा लावला. हेमाने वाटाण्याचं ताट उचललं आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर घरात सराव परीक्षा झाली नाही. आरोही आपल्या खोलीत आपली आपण पेपर सोडवायची, दार लोटून. श्वास आपापल्या मर्जीने चालू लागले. ताटातली डोकी मांजरीकडे गेली. मुंबईचे फोन हेमा उचलायची आणि आरोही झोपली आहे म्हणून सांगायची. त्या दिवसांत आरोही भर दुपारी चारलासुद्धा झोपलेली असायची.

परीक्षेच्या दिवशी मास्तर तिला स्कूटरवरून केंद्रावर घेऊन गेले. मे महिना, ऊन रणरणतं. फाटकाबाहेर आईबाप मुलांना शेवटच्या सूचना देत होते, आणि शेवटच्या सूचना संपतच नव्हत्या. एक गृहस्थ तर आत गेलेल्या मुलाला कंपाउंडवरून ओरडून सूत्र सांगत होते. मास्तरांनी त्यांच्याकडे अशा तुच्छतेने पाहिलं, जसं काही आपण या जातीतले कधी नव्हतोच. आरोही निघाली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. घाबरू नकोस, हे तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. मग दुपारभर ते एका झाडाखाली उभे राहिले. बसवेना. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी कोकम सरबत दिलं, तो पेला हातातच कोमट झाला. आत मुलगी काय करत असेल, हात चालत असतील का, या पलीकडे त्यांच्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

फाटक उघडलं. मुलं बाहेर आली आणि चहूकडून एकच प्रश्न सुरू झाला, कसा गेला, कसा गेला. आरोहीच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तोच प्रश्न मास्तरांच्याही ओठांवर होता. स्कूटरपाशी येईपर्यंत त्यांनी दात आवळून धरले होते.

"सगळा लिहिला," ती म्हणाली.

मास्तरांनी स्कूटरची सीट धरली.

"मध्ये एकदा हात गार पडायला लागले होते. वर्गावरचे सर माझ्या मागे येऊन उभे राहिले होते, हलेचनात."

"मग?"

"मग मी म्हटलं, सर, जरा बाजूला व्हाल का, सुचत नाहीये."

"पर्यवेक्षकाला?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही नाही का मला म्हणालात त्या रविवारी? असं म्हणता येतं हे तेव्हाच कळलं. ते सॉरी म्हणाले आणि फळ्याजवळ जाऊन उभे राहिले. मग हात चालायला लागले."

मास्तर किल्ली हातात घेऊन उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी वर्ग सांभाळले. पोरांचे चेहरे काही केल्या आठवेनात, आठवल्या त्या पाठी. वेण्या, कॉलर, घामाने चिकटलेले युनिफॉर्म, लाल झालेले कान. यातल्या एकानेही त्यांना कधी बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं. कितीजणांना सांगायचं होतं कोण जाणे.

"तिथे मी असतो तर?" त्यांनी विचारलं. "मी काय केलं असतं गो?"

आरोही मागच्या सीटवर बसली आणि तिने ओढणी आवरून घेतली.

"तुम्ही असतात तर मी विचारलंच नसतं, बाबा."

हे तिने रागाने म्हटलं असतं, तर मास्तरांना जरा बरं वाटलं असतं.